संगीतयंत्र, सुवाह्य

संगीतयंत्र, सुवाह्य : विद्युत् घटावर चालणारे, खिशात किंवा हातात सहज नेता येणारे आणि साठविलेले ध्वनिमुद्रण मालकाच्या इच्छेप्रमाणे ऐकविणारे उपकरण. ट्रँझिस्टर रेडिओही बरोबर नेता येतो. परंतु त्यावर काय व केव्हा ऐकावयाचे हे प्रसारण केंद्र ठरविते. संगीतयंत्रात ही निवड मालकाकडे असते. ध्वनी साठविण्याच्या माध्यमानुसार या यंत्रांचे तीन मुख्य प्रकार पडतात : चुंबकीय फितीवर चालणारे (वॉकमन), प्रकाशीय तबकडीवर चालणारे (डिस्कमन) आणि अर्धसंवाहक स्मृतीवर चालणारे (एमपी-थ्री प्लेअर). प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने अल्पमोली यंत्रांचा विचार केला आहे. संगीत कोणी ऐकावे व कोणाचे ऐकावे, या दोन्ही गोष्टींत त्यांच्या कमी किंमतीने मोठा फरक घडवून आणला.

इतिहास : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ साली ट्रँझिस्टरचा शोध लागला आणि जागा व वीज अधिक घेणाऱ्या निर्वात नलिकांना पर्याय मिळाला. १९५४ मध्ये रीजन्सी टीआर-१ हा चार ट्रँझिस्टर असलेला खिशातील रेडिओ अमेरिकेत विक्रीस आला. त्याची किंमत ४९·९५ डॉलर होती. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट प्रचारात आणली. तिच्यातील फीत ३·८१ मिमी. रुंद असून ती दर सेकंदास सु. ४·७६ सेंमी. वेगाने सरकते. फीत हाताने गुंडाळावी लागत नसल्याने तिच्या वापरासाठी कोणतेही कौशल्य लागत नव्हते. जपानच्या सोनी कंपनीने १ जुलै १९७९ रोजी टीपीएस-एल२ हा पहिला वॉकमन ३३,००० येन किंमतीस बाजारात आणला. त्यात ध्वनिमुद्रणाची सोय व ध्वनिक्षेपक हे दोन्ही भाग गाळलेले होते. मात्र दोघांना एकत्र ऐकता यावे म्हणून हेडफोनसाठी दोन छिद्रे ठेवली होती; एकट्याने ऐकणे त्या काळी शिष्टाचारास धरून नसावे, अशी निर्मात्यांना शंका होती. पुढील नमुन्यांतून दुसरे छिद्र वगळण्यात आले. अशाच स्वरूपाच्या साधनाचे एकस्व आंद्रेआस पावेल यांनी १९७७ मध्ये इटलीत मागितले होते. त्यावरून सोनी कंपनीशी झालेला वाद दीर्घकाळ चालून तडजोडीने मिटला.

प्रकाशीय तबकडीवर चालणारे सुवाह्य यंत्र १९८४ मध्ये आले. परंतु तबकडीच्या आकारामुळे ते खिशात मावत नसे व धक्का बसल्यास वादनात खंड पडे. १९९८ मध्ये दक्षिण कोरियातील एमपीमॅन आणि अमेरिकेतील रिओ पीएमपी३०० ही अर्धसंवाहक स्मृतीवरील यंत्रे विक्रीस आली. रिओच्या विरुद्ध अमेरिकेतील ध्वनिमुद्रण व्यवसायाच्या संघटनेने दावा लावला; १९९९ मध्ये अपील न्यायालयाचा निर्णय यंत्राच्या बाजूने लागल्याने या उद्योगाचा मार्ग मोकळा झाला. ॲपल कंपनीचा आयपॉड २००१ मध्ये ३९९ डॉलरला मिळत होता. २००५ मध्ये त्याच कंपनीने पडदा नसलेला आयपॉड शफल ९९ डॉलरला आणला. पडदा, चकती व हलणारे भाग काढून टाकल्यास यंत्र किती स्वस्त होते, हे यावरून दिसून येते. आयपॉड मालिकेचा शेवट २०२२ मध्ये झाला.

रचना व किंमत : सुवाह्य यंत्राची किंमत मुख्यतः त्यातून काय गाळले यावर अवलंबून असते. खोलीभर आवाज पोहोचविणाऱ्या ध्वनिक्षेपकास जेवढी शक्ती लागते, तिच्या अत्यल्प अंशावर कानाशी असलेला इअरफोन चालतो. त्यामुळे मोठा विवर्धक लागत नाही व दोन पेन्सिल सेल पुरतात. स्वस्त वॉकमनमध्ये काटकसर प्रामुख्याने चलित्रात केलेली असे. फितीचा वेग किंचित जरी बदलला, तरी स्वर हालतो. ठेका धरून चाललेल्या गीतात हा दोष फारसा जाणवत नाही. परंतु तानपुऱ्याच्या किंवा सारंगीच्या दीर्घ स्वरात तो लगेच कानी येतो. सेल उतरू लागले म्हणजे फीत मंदावून गायकाचा स्वर खाली जाई, हा अनुभव त्या पिढीतील बहुतेक श्रोत्यांना परिचित आहे. वाचनशीर्षावर फितीतील चुंबकीय चूर्ण साचून आवाज बोजड होई. तो कापूस व स्पिरिट यांनी पुसून काढावा लागे.

अर्धसंवाहक स्मृतीवर चालणाऱ्या अंकीय यंत्रात हलणारे भाग नसतात, म्हणून हे दोषही नाहीत. प्रकाशीय तबकडीवर ध्वनीचे सेकंदास ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ अंकांत, दोन मार्गांसाठी नोंदविलेले असतात. या पद्धतीने एका मिनिटास सु. १० मेगाबाइट जागा लागते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्क व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनातून विकसित झालेल्या एमपी-थ्री पद्धतीने ही जागा सु. अकरा पटींनी कमी होऊ शकते. मोठ्या ध्वनीच्या जोडीने त्याच्या जवळपासच्या कंप्रतेचा क्षीण ध्वनी आला, तर तो मानवी कानास ऐकू येत नाही. असे लोपणारे तपशील ही पद्धत कमी अंकांत नोंदविते किंवा गाळते. संकोचन फार केल्यास टाळ व झांजा यांचा झणत्कार बोथट होतो आणि तबल्याच्या आघाताची धार जाते. रिओच्या ३२ मेगाबाइट स्मृतीत मध्यम प्रतीचे जेमतेम अर्ध्या तासाचे संगीत मावे. ४ गिगाबाइटच्या, नखाएवढ्या कार्डात त्याच प्रतीचे सु. ६५ ते ७० तासांचे मावते. तोशिबा कंपनीत १९८० नंतरच्या दशकात विकसित झालेली फ्लॅश स्मृती सतत स्वस्त होत गेली, उलगडण्याचे सर्व काम एकाच संकलित मंडलात होऊ लागले आणि २०१७ मध्ये एमपी-थ्रीच्या परवान्यांची योजनाही बंद झाली. या तीन कारणांनी काही शे रुपयांचे यंत्र शक्य झाले.

भारतातील प्रसार : भारतात दीर्घकाळ रेडिओ बाळगण्यास परवाना लागे व त्याचे शुल्क डाक कार्यालयात भरावे लागे, ही पद्धत १९८० नंतरच्या दशकात संपली. १९५७ मध्ये सुरू झालेल्या विविध भारतीमुळे चित्रपटगीते घरोघरी पोहोचली. ध्वनिमुद्रिका व ग्रामोफोन ही मात्र सुस्थित घरांची, उपाहारगृहांची व सार्वजनिक मंडळांची मिरासदारी राहिली. १९७० नंतर आखाती देशांत नोकरीस गेलेल्या कोकणातील व इतर भागांतील लोकांनी रेडिओ व कॅसेट एकत्र असलेले ‘टू-इन-वन’ गावी आणले. वॉकमन त्यांच्यामागोमाग आला आणि हे एका कंपनीचे व्यापारी नाव सर्वच कंपन्यांच्या यंत्रांसाठी मराठीत सामान्यनाम बनले.

यंत्राइतकीच त्यात घालावयाची कॅसेट स्वस्त होणेही महत्त्वाचे होते. गुलशन कुमार यांच्या सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीज (टी-सीरिज) या कंपनीने १९८० नंतरच्या दशकात अल्प किंमतीच्या कॅसेटी मोठ्या प्रमाणावर विकल्या व ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली. कॅसेटची नक्कल काढण्यास फारसे भांडवल लागत नसल्याने लहान निर्मातेही पुढे आले. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने शास्त्रीय संगीताच्या कॅसेटी प्रसिद्ध केल्या. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते व भीमगीते, विठ्ठल उमप यांची लोकगीते, वेसावकर आणि मंडळींची कोळीगीते ही या माध्यमातून खेड्यापाड्यांत व वस्त्यांत पोहोचली. दादरच्या चैत्यभूमीवर आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटींची दुकाने लागत. ज्या समाजांच्या गाण्यांना मोठ्या कंपन्यांच्या यादीत थोडे स्थान होते, त्यांना स्वतःचे संगीत विकत घेऊन जवळ ठेवणे प्रथमच परवडले. स्वस्त यंत्राचे सांस्कृतिक महत्त्व येथे आहे.

नवघर व उपनगरी प्रवास : या यंत्राचा रोजच्या जीवनातील उपयोग मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर विशेष स्पष्ट दिसतो. नवघर हे पश्चिम रेल्वेच्या भाईंदर स्थानकाच्या पूर्वेकडील मूळ गाव (वसईजवळचे नवघर-माणिकपूर वेगळे). शेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी यांवर जगणारा हा परिसर १९८० नंतर मुंबईस कामाला जाणाऱ्या मध्यमवर्गीय व श्रमिक कुटुंबांच्या वस्तीने भरून गेला. नवघरसह येथील ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली व २००२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाखांवर होती.

भाईंदर ते चर्चगेट हे अंतर सु. ४३ किमी. असून जाण्यायेण्यात रोजचे दोन तास व अधिक वेळ जातो. गर्दीच्या डब्यात वर्तमानपत्र उघडण्याइतकी जागा नसते. दोन्ही हात मोकळे ठेवून करता येण्याजोगी करमणूक म्हणजे ऐकणे. उपनगरी गाड्यांत टाळ वाजवून अभंग म्हणणारी भजनी मंडळे ही यातूनच निर्माण झालेली सामूहिक परंपरा होय. खिशातील यंत्राने तिच्या शेजारी एकट्याच्या श्रवणाची जागा निर्माण केली. छोट्या सदनिकेत ज्यास स्वतःची खोली नाही, त्यास हा प्रवासातील तासच काय तो एकांत मिळतो. मौल्यवान वस्तू गर्दीत हरवण्याचे किंवा चोरीस जाण्याचे भय असते. म्हणून स्वस्त यंत्रच या प्रवासास अधिक योग्य ठरते. एमपी-थ्रीच्या काळात भ्रमणध्वनी दुरुस्तीच्या दुकानांतून थोड्या पैशांत स्मृतिकार्डावर शेकडो गाणी भरून देण्याचा व्यवसायही शहरोशहरी चालला. हक्कधारकाच्या परवानगीवाचून केलेला असा व्यवहार १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाचा भंग करणारा आहे. परंतु महाग अंकीय बाजाराबाहेर राहिलेल्या श्रोत्याची गरज त्याने भागविली, हेही नमूद केले पाहिजे.

परिसरातील आगरी समाजात लग्नप्रसंगी धवलारिणी धवले म्हणतात. अशी मौखिक गीते अल्पमोली यंत्रावर मुद्रित करून ठेवता येतात. ज्या स्त्रियांकडे हा ठेवा आहे त्यांची संख्या घटत असताना घरगुती ध्वनिमुद्रणास दस्तऐवजाचे मोल प्राप्त होते. मात्र त्यासाठी मुद्रणाची सोय असलेले यंत्र लागते व मूळ मुद्रणाच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी ठेवाव्या लागतात. चुंबकीय फीत दमटपणाने खराब होते. खाडीकाठच्या हवेत तिला बुरशी लवकर धरते.

श्रवणाची सुरक्षितता : या यंत्राचा मुख्य धोका त्याच्या उपयुक्ततेशीच निगडित आहे. गाडीच्या खडखडाटात गाणे ऐकू यावे म्हणून श्रोता आवाज वाढवितो आणि कानास गाडीचा व गाण्याचा असे दोन्ही आवाज सोसावे लागतात. अंतर्कर्णातील सूक्ष्म रोमयुक्त कोशिका एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. हानी प्रथम उच्च कंप्रतेस होत असल्याने बोलण्यातील स, श, फ यांसारखे वर्ण अस्पष्ट होतात आणि दोष लक्षात येण्यास विलंब लागतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या संयुक्त मानकानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबल पातळीवर आठवड्यास ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये. बालकांसाठी ही पातळी ७५ डेसिबल आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित काळ निम्म्यावर येतो. म्हणजे ८९ डेसिबलला तो आठवड्यास केवळ ५ तास उरतो. स्वस्त यंत्रात आवाजाची मर्यादा घालण्याची सोय बहुधा नसते. कानात नीट बसणारे रबरी टोपण असलेला इअरफोन बाहेरचा आवाज अडवितो, त्यामुळे कमी पातळीवरही ऐकता येते. परंतु हाच इअरफोन गाडीची शिट्टीही अडवितो. म्हणून रस्त्यावर व फलाटावर तो कानात ठेवू नये. रेल्वेमार्ग ओलांडणे हा १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ नुसार दंडनीय अपराध आहे. कानात इअरफोन असताना तो प्राणघातकही ठरतो.

मालकी व सद्यःस्थिती : २०१६ नंतर भारतात भ्रमणध्वनीवरील आंतरजाल स्वस्त झाले आणि बहुसंख्य श्रोते संगीतसेवांकडे वळले. या सेवांत गाण्यांचा साठा अफाट असतो. परंतु श्रोता त्याचा मालक नसून भाडेकरू असतो. वर्गणी थांबली किंवा सेवेचा ध्वनिमुद्रण कंपनीशी असलेला करार संपला की ते गाणे त्याच्या हातून जाते. कार्डावर साठविलेले गाणे असे नाहीसे होत नाही व ते ऐकण्यासाठी आंतरजालही लागत नाही. भ्रमणध्वनी नसलेली मुले, पडद्याचा त्रास होणारे वृद्ध आणि परीक्षार्थी यांना म्हणूनच लहान यंत्र आजही उपयोगी पडते. सारेगामा कंपनीने २०१७ मध्ये ५,००० गाणी आधीच भरलेले ‘कारवाँ’ हे यंत्र आणले. त्याची मराठी आवृत्तीही निघाली. जुन्या रेडिओसारखे रूप व फिरविण्याची कळ यांमुळे ते ज्येष्ठांना सोपे वाटले. परंतु त्यातील मूळ निवड कंपनीची असते.

अल्पमोली यंत्र घेताना स्मृतिकार्ड बदलता येते काय, इअरफोनचे छिद्र नेहमीच्या ३·५ मिमी. मापाचे आहे काय आणि कळा न पाहता दाबता येतात काय, हे तपासावे. बाजारात छापील क्षमतेपेक्षा प्रत्यक्षात कमी क्षमतेची बनावट कार्डेही मिळतात. कार्ड पूर्ण भरून शेवटचे गाणे वाजवून पाहिल्यास ती ओळखू येतात. वापरात नसलेले यंत्र सेल काढून किंवा घट निम्मा भारित करून कोरड्या जागी ठेवावे. फुगलेला लिथियम घट पेट घेऊ शकतो. तो न टोचता, कचऱ्यात न टाकता इलेक्ट्रॉनिकी कचरा संकलनात द्यावा.