विरळ हवा आणि लांब पल्ल्याची धाव

लोहा, कंधार, अहमदपूर हा बालाघाटाच्या रांगांवरचा भाग चढउतारांचा असला, तरी नांदेडपासून लातूरपर्यंतचा सारा पट्टा समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे ते साडेसहाशे मीटर उंचीवर आहे आणि एवढ्या उंचीवर धावणाऱ्याच्या श्वासाला हवेची उणीव भासत नाही. उंचीचा ठळक परिणाम शरीरावर साधारण दीड हजार मीटरच्या पुढे दिसू लागतो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे आहे, म्हणजे तेही ही रेषा जेमतेमच ओलांडते. त्यामुळे राज्यातल्या लांब पल्ल्याच्या धावपटूला उंचावरचा सराव करायचा असेल, तर निलगिरीतल्या उटीकडे, हिमालयाकडे किंवा थेट परदेशात जावे लागते. मराठवाड्यातले सर्वांत ठळक उदाहरण अविनाश साबळे यांचे आहे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या या धावपटूने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे लाकडी अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीत, देशाचा विक्रम वारंवार मोडला असून त्यांच्या तयारीत उटी आणि अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या उंचावरच्या ठिकाणांना मोठे स्थान राहिले आहे.

उंचावर ऑक्सिजन कमी असतो असे सर्रास म्हटले जाते, पण हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण मुंबईच्या किनाऱ्यावर आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर सारखेच, सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. फुप्फुसांतल्या सूक्ष्म वायुकोशांतून रक्तात ऑक्सिजन ढकलला जातो तो या दाबाच्या बळावर, आणि सुमारे साडेपाच हजार मीटरवर तो दाब समुद्रकिनाऱ्याच्या निम्मा होतो. उटी सुमारे २२४० मीटरवर आहे आणि तेथे दाब किनाऱ्याच्या पाऊणपटीच्या आसपास भरतो. मेक्सिको सिटीची उंचीही जवळपास तेवढीच आहे. १९६८ चे ऑलिंपिक त्या शहरात झाले, तेव्हा विरळ हवेचा अडथळा कमी असल्याने बॉब बीमन यांनी ८.९० मीटरची लांब उडी मारली, तर दहा हजार मीटरच्या शर्यतीत त्या काळचे विक्रमवीर रॉन क्लार्क सहाव्या क्रमांकावर कसेबसे पोहोचून कोसळले. उंचावरच्या सरावाचा जगभर गांभीर्याने अभ्यास होण्यामागे त्या स्पर्धेचा मोठा वाटा आहे.

उंचावर पोहोचल्यावर शरीर आधी गमावते आणि मग कमावते, आणि या विषयातले बहुतेक गैरसमज हा क्रम लक्षात न घेतल्यामुळे निर्माण होतात. पहिल्या काही तासांतच श्वास खोल आणि जलद होतो, नाडी वाढते. जास्त श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर पडून रक्त किंचित अल्कधर्मी बनते आणि तो तोल सावरण्यासाठी मूत्रपिंडे बायकार्बोनेट हा क्षार लघवीवाटे टाकू लागतात. याच दिवसांत रक्तातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, कमी होतो आणि रक्त दाट होते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिनचा आकडा वाढलेला दिसतो खरा, पण एकूण हिमोग्लोबिन तेवढेच असते, घटलेले असते ते पाणी. शरीर जोरकस श्रमात मिनिटाला जास्तीत जास्त जितका ऑक्सिजन वापरू शकते, ती क्षमता दीड हजार मीटरनंतर दर शंभर मीटरला ढोबळमानाने एक टक्का घसरते. म्हणजे उटीत धावपटू ती सात टक्क्यांच्या आसपास गमावूनच सरावाला उभा राहतो.

कमाई याच्या जोडीला, पण फार सावकाश सुरू होते. ऑक्सिजनची टंचाई ओळखून मूत्रपिंडे एरिथ्रोपॉएटिन हे संप्रेरक अधिक स्रवू लागतात, आणि ते हाडांतल्या मज्जेला तांबड्या पेशी जास्त बनवण्याचा संकेत देते. पेशींना ही टंचाई नेमकी कशी कळते, या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. संप्रेरक दोन-तीन दिवसांत शिखर गाठते, परंतु पेशींची भर अर्थपूर्ण होण्यास तीन ते चार आठवडे लागतात. त्यामुळे आठ दिवसांच्या शिबिरातून रक्तात लाभ शोधणे व्यर्थ आहे.

रक्त वाढले म्हणजे वेगही वाढलाच, असे मात्र नाही. १९९७ मध्ये बेंजामिन लेव्हिन आणि जेम्स स्ट्रे-गंडरसन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३९ धावपटूंचे तीन गट केले होते. २५०० मीटरवर राहणाऱ्या दोन्ही गटांच्या तांबड्या पेशी वाढल्या, परंतु पाच हजार मीटरची वेळ सुधारली ती केवळ सरावासाठी १२५० मीटरपर्यंत खाली उतरणाऱ्या गटाची. कारण विरळ हवेत वेगाने धावताच येत नाही, आणि मंद सरावाने स्नायूंची धार बोथट होते. वर राहावे, खाली धावावे ही पद्धत तेव्हापासून रूढ झाली. तिचा लाभ टक्का-दीड टक्क्याचा असतो, काहींना तोही मिळत नाही. तरीही अव्वल शर्यतीत टक्का फार मोठा असतो: २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत साबळे यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य मिळवले, तेव्हा सुवर्ण त्यांच्यापासून अवघे ०.०५ सेकंद दूर होते, आणि त्या वेळेचा एक टक्का म्हणजे जवळपास पाच सेकंद होतात.

साबळे महार रेजिमेंटमध्ये असताना २०१३-१४ मध्ये सियाचीनला तैनात होते, आणि त्या बर्फानेच त्यांचा दम घडवला असे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. जिद्दीबाबत ते खरे असेलही, पण शरीरशास्त्र या समजुतीला साथ देत नाही. पाच हजार मीटरच्या वर शरीर सावरत नाही, ते झिजते. भूक मंदावते, झोप तुटते, स्नायू घटतात. शिवाय वाढलेल्या तांबड्या पेशी खाली उतरल्यावर काही आठवड्यांत ओसरतात. साबळे धावपटू झाले ते त्यानंतर, २०१५ पासून लष्कराच्या क्रॉस-कंट्री धावण्यातून, आणि त्याचे श्रेय त्या सरावाला द्यायला हवे.

अति उंचीचा धोका जगाला समजावून देण्यात भारतीय लष्करी डॉक्टरांचे काम मोलाचे आहे. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी हिमालयात आजारी पडलेल्या १९२५ सैनिकांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. नांदेडहून हेमकुंड साहिबला किंवा लोह्याहून केदारनाथला निघणाऱ्या यात्रेकरूंसाठी हे ज्ञान खेळाडूंइतकेच जरुरीचे आहे. हेमकुंड सुमारे ४६०० मीटरवर, केदारनाथ सुमारे ३५८० मीटरवर आहे. डोकेदुखी, मळमळ, थकवा ही पहिली खूण असते. विश्रांतीतही धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, तोल जाणे ही लक्षणे फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचत असल्याची असू शकतात, आणि तेव्हा दर्शनाचा आग्रह सोडून तत्काळ खाली उतरणे हाच पहिला उपचार ठरतो. उत्तम दमसास असलेला तरुणही यातून सुटत नाही. उलट तो भरभर चढतो म्हणून अधिक सापडतो.

पोलीस भरतीच्या १६०० किंवा ८०० मीटर धावेसाठी पहाटे रस्त्यावर उतरणाऱ्या मुला-मुलींना उटी परवडणारी नाही, आणि तिची त्यांना गरजही नाही. तोंडावर बांधायचे तथाकथित उंचीचे मास्क श्वासाला केवळ अडथळा करतात. हवेचा दाब ते बदलत नाहीत, त्यामुळे तांबड्या पेशीही वाढत नाहीत. तोच पैसा रक्ततपासणीवर खर्च होणे हिताचे, कारण हिमोग्लोबिन बनते लोहापासून आणि शरीरातला लोहाचा साठा, जो फेरिटिनच्या चाचणीतून कळतो, रिकामा असेल तर जगातला कोणताही पर्वत रक्त वाढवू शकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यामुळे धावणाऱ्या मुलींच्या बाबतीत ही चाचणी प्रशिक्षकांनी पहिल्या आठवड्यातच करून घ्यायला हवी. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात, कारण जास्तीचे लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही.

मराठवाड्याकडे उंची नसली तरी ऊन आहे, आणि उष्णतेला सरावलेल्या शरीरात दहा-चौदा दिवसांत रक्तद्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, त्याच वेगाला नाडी कमी राहते. मात्र हा लाभ सकाळी नऊच्या सुमाराच्या उन्हात, पाणी-मीठ सांभाळून, हळूहळू वाढवलेल्या हलक्या धावेतूनही मिळतो. त्यासाठी मे महिन्यातली दुपार निवडणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे होय.