हजार वर्षांसाठी कोरलेला आकडा

चेन्नईच्या नुंगम्बाक्कम भागात, हवामान खात्याच्या प्रादेशिक केंद्राच्या आवारात ग्रॅनाइटचा एक खांब जपून ठेवला आहे. उंची सुमारे पंधरा फूट, वजन सुमारे दहा टन. त्यावर मायकेल टॉपिंग या वास्तुरचनाकाराचे नाव आहे आणि त्याखाली रोमन लिपीतली अक्षरे: एम, डी, सी, सी, एक्स, सी, आय, आय. प्रथम पाहणाऱ्याला ही कुणाच्या तरी पदव्यांची रांग वाटावी! प्रत्यक्षात ते साल आहे, १७९२.

मद्रास वेधशाळा त्या वर्षी उभी राहिली. ताऱ्यांचे वेध घेणारी दुर्बीण हलू नये म्हणून तिला या खांबाचा आधार दिला होता. पुढे याच वेधशाळेच्या वेळेवर देशातल्या आगगाड्या धावू लागल्या. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तोवर 'मद्रास टाइम'चा दबदबा होता. चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये एका रूपविकारी ताऱ्याचा शोध लावला तो इथेच.

आता तो आकडा सोडवू. पाचवीच्या गणितात रोमन संख्याचिन्हे शिकलेली असतात, पण घड्याळातल्या बारापलीकडे ती फारशी कुणाच्या लक्षात राहत नाहीत. आय म्हणजे १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५०० आणि एम १०००. संख्या आधी फोडायची : १०००, ७००, ९० आणि २. हजाराचा एम. सातशे म्हणजे पाचशे अधिक दोनशे, म्हणून डी-सी-सी. नव्वदाला मात्र गंमत आहे. एकच चिन्ह सलग चार वेळा लिहायचे नाही, म्हणून शंभरातून दहा वजा करायचे. लहान चिन्ह मोठ्याच्या डावीकडे आले की वजाबाकी, एक्स-सी. शेवटी दोन आय.

वजाबाकीलाही शिस्त आहे. नव्व्याण्णव म्हणजे शंभरात एक कमी, तेव्हा आय-सी लिहून मोकळे व्हावे असे मुलांना हमखास वाटते. ते चालत नाही. नव्वद वेगळे, नऊ वेगळे : एक्स-सी-आय-एक्स. घड्याळजी मात्र नियम सर्रास मोडतात. कित्येक तबकड्यांवर चारच्या जागी चार उभ्या रेघाच दिसतात.

खांबावर तामिळ आणि तेलुगूतही मजकूर कोरला आहे. योगायोग असा, की जुन्या तामिळ अंकलेखनातही दहा, शंभर आणि हजार यांना स्वतंत्र चिन्हे होती. त्या पद्धतीने १७९२ लिहायचे तर हजार, सात-शंभर, नऊ-दहा, दोन. म्हणजे आपण बोलतो जवळजवळ तसेच. रोमन पद्धतीसारखीच इथेही शून्याशिवाय संख्या लिहिता येते.

हजार वर्षांनंतरच्या लोकांना कळावे, की आशियात गणिती शास्त्रांचे रोप इंग्रजांनी लावले, असा हा मजकूर कोरण्यामागचा हेतू होता. याला काय म्हणावे! चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. शिवाय वेधशाळेतली रोजची आकडेमोड रोमन अक्षरांत होणे अशक्यच होते. एक्स-सी-आय-आय गुणिले एक्स-एल-व्ही-आय-आय करून पाहावे म्हणजे समजेल. साल दगडावर रोममधून आले, पण हिशेब झाले ते भारतात जन्मलेल्या आणि अरबांमार्फत युरोपात पोहोचलेल्या दशमान अंकांनीच.

१८९९ मध्ये खगोलाचे काम कोडाईकनालला गेले, खांब राहिला. त्यावरच्या सालात एक सी वाढवला की १८९२ होते, मद्रास उच्च न्यायालयाची लाल इमारत खुली झाली ते वर्ष. एक एम वाढवला की २७९२, कोरणाऱ्यांच्या मनातले ते हजारावे वर्ष. आजवरच्या सालांत सर्वांत लांबलचक ठरले १८८८. त्याला तेरा अक्षरे लागतात. आणि २००० साली जन्मलेल्यांचे काम दोन एमवर भागते.