गाडी दारात, कर्ज उरात

कळंबोलीच्या कोणत्याही सेक्टरमध्ये रात्री दहानंतर एक फेरी मारून पाहावी. दोन्ही बाजूंना गाड्या, मधून एक रिक्षा जेमतेम जाईल एवढी वाट. सिडकोने ही घरे बांधली तेव्हा अल्प उत्पन्न गटातल्या माणसाच्या दारात चारचाकी उभी राहील, असे कुणी मनात आणलेले दिसत नाही. आज ती उभी आहे आणि आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण या गाड्यांपैकी किती गाड्या घरमालकाच्या आहेत आणि किती बँकेच्या, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही. तो आमच्यासारख्या वकिलाच्या टेबलावर येतो. तोही उशिरा, तीन हप्ते थकल्यावर.

गेल्या काही महिन्यांत असेच एक कुटुंब आमच्याकडे आले. नाव सांगण्याचे कारण नाही. दादा लोखंड बाजारातल्या एका ट्रान्सपोर्टच्या बुकिंग ऑफिसात आहेत, ताई खासगी दवाखान्यात परिचारिका. घर सिडकोचे, त्यावर गृहकर्ज. एक मुलगी कॉलेजात, मुलगा दहावीला. सोबत दादांच्या आई, म्हणजे घरातल्या आजी. ताईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून आमच्यापुढे ठेवले आणि एकच वाक्य विचारले, "वकीलसाहेब, गाडी विकली तर आम्ही यातून सुटतो का?"

दादा गप्प होते. आजी गप्प नव्हत्या. "विकायची नाही. गावाला काय सांगायचं?" हे त्यांनी खुर्चीत बसण्याआधीच सांगून टाकले.

आधी हिशेब पाहू. गाडीसाठी सहा लाखांचे कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, सात वर्षांची मुदत. हप्ता ९,८०६ रुपये. तीन वर्षे हप्ते नियमित गेले. तरी बाकी ३ लाख ९० हजार. दादांना वाटत होते, निम्मे कर्ज फिटले असेल. तसे होत नाही. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा भाग व्याजात जातो, मुद्दल हळूहळू उतरते. गाडीची किंमत मात्र थांबत नाही. विमा कंपन्या गाडीची घोषित किंमत ठरवताना जो घसारा धरतात, त्यात चौथ्या वर्षी ४० टक्के आणि पाचव्या वर्षी ५० टक्के वजा होतात. म्हणजे कर्ज संथ उतरते आणि वस्तू झपाट्याने उतरते. आमच्या लोकांना हा हिशेब शोरूममध्ये कुणी सांगत नाही. तिथे पेढा देतात, हार घालतात, फोटो काढतात.

गाडीच्या कर्जाखेरीज क्रेडिट कार्डावर एक लाख थकलेले. महिना साडेतीन टक्के व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी. एका लाखावर महिन्याला ४,१३० रुपये, आणि मुद्दल एक रुपयाने कमी नाही. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात ओळखीच्या एका माणसाकडून पन्नास हजार घेतलेले, महिना पाच टक्क्यांनी. त्याचे अडीच हजार दर महिन्याला रोख, पावती नाही. शिवाय पतपेढीचे थोडे, भिशीचे थोडे.

आता या यादीत सर्वांत धोक्याचे कर्ज कोणते? दादा म्हणाले, गाडीचे, कारण आकडा मोठा. आमचे मत वेगळे. गाडीचे कर्ज साडेनऊ टक्क्यांचे आहे. कार्डाचे वर्षाला ४२ टक्के. ओळखीच्या माणसाचे ६० टक्के. आकडा लहान म्हणून माणूस त्याकडे दुर्लक्ष करतो आणि तेच घराला आतून पोखरते. गाडी विकायची असेल तर ती या वाळवीसाठी विकायची. साडेनऊ टक्क्यांवर चिडून विकायची नाही.

गाडीला ४ लाख ७५ हजारांचे गिऱ्हाईक होते. बँकेचे ३ लाख ९० हजार, मुदतीपूर्वी कर्ज बंद करण्याचा चार टक्के आकार आणि त्यावर जीएसटी मिळून सुमारे १८ हजार. हातात उरतात ६६ हजार. दादा उसळून म्हणाले, "सहा लाखांची गाडी देऊन ६६ हजार?" इथेच पुष्कळ लोक थांबतात आणि गाडी ठेवतात. पण हातात काय येते, एवढेच पाहून चालत नाही. दर महिन्याला हातातून काय जायचे थांबते, तेही पाहावे लागते. ६६ हजारांतून साठ टक्केवाल्याचे पन्नास हजार एकरकमी गेले, महिन्याचे अडीच हजार वाचले. उरलेले १६ हजार कार्डात भरले, तिथली बाकी ८४ हजारांवर आली. गाडीचा हप्ता थांबला. हप्त्याचे ९,८०६ आणि व्याजाचे अडीच हजार, असे १२ हजार ३०० रुपये दर महिन्याला कार्डात टाकले आणि कार्ड पुन्हा वापरले नाही, तर नऊ महिन्यांत कार्ड कोरे होते. विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल यांचे पैसे आम्ही यात धरलेलेच नाहीत. ते रिक्षा, एनएमएमटीची बस आणि मानसरोवर किंवा खांदेश्वरची लोकल यांना सोडून दिले. गाडी रविवारी निघत होती. बाकी सहा दिवस ऊन-पाऊस खात रस्त्यावर उभी.

हिशेब इतका सरळ असताना मग अडते कुठे? आजींच्या वाक्याशी अडते. गावाला काय सांगायचं?

हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखे नाही. हे कुटुंब मूळचे सातारा जिल्ह्यातले. त्याच जिल्ह्यात १९०१ साली मसूर स्टेशनवर शाळकरी भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे उतरले होते. वडिलांकडे जायचे होते. मुले महारांची आहेत हे कळल्यावर एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला. अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची आणि त्याने बाजूने पायी चालायचे. ज्या समाजाला पैसे मोजूनही वाहनात जागा मिळत नव्हती, ज्याच्या नवरदेवाने घोड्यावर बसले म्हणून आजही कुठे ना कुठे दगड पडतात, त्या समाजातल्या म्हातारीला नातवाने गाडीचे दार उघडून आत बसवले, तर तिला ती गाडी म्हणजे नुसता लोखंडाचा डबा वाटेल कसा? पुढाऱ्यांनी आणि बिनकर्जी सुखवस्तूंनी तिला काटकसरीचा उपदेश करू नये.

पण बाबासाहेबांनी स्वतःच सांगितलेला आणखी एक प्रसंग आहे आणि तो आम्ही आजींना सांगितला. साल १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. परतताना चाळीसगावच्या आपल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह धरला. वस्ती स्टेशनपासून लांब. टांगेवाले अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हते. एवढ्या मोठ्या पाहुण्याला पायी न्यायचे, हे लोकांना मानवेना. त्यांनी टांगा भाड्याने मिळवला आणि टांगा हाकण्याची सवय नसलेला आपल्यातलाच एक माणूस बसवला. नदीवरच्या पुलावर टांगा कलंडला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये हा प्रसंग लिहिताना त्यांनी त्या लोकांना दोष दिला नाही. पण नेमके बोट ठेवले: पाहुण्याचा मान राखण्याच्या नादात त्याची सुरक्षितता अधिक मोलाची आहे, हे ते विसरले.

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाय मोडला होता व्हय साहेबांचा?"

बुद्धाने गृहस्थाला जी चार सुखे सांगितली, त्यांत एक अनण सुख आहे. कुणाचे थोडे वा फार देणे नसण्याचे सुख. ते त्याने संन्याशाला सांगितलेले नाही. श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाला, म्हणजे गडगंज व्यापाऱ्याला सांगितले. त्याच चारांत मिळवलेली संपत्ती असण्याचे आणि ती उपभोगण्याचेही सुख आहे. तेव्हा गाडी घेणे म्हणजे तृष्णा आणि गाडी विकणे म्हणजे धम्म, असले सोपे प्रवचन कुणी आमच्या नावावर खपवू नये. उपभोग घ्यावा. सिगालोवाद सुत्तात तर मिळकतीचे चार भाग करून एक भाग खर्चाला, दोन उद्योगाला आणि एक अडचणीसाठी ठेवायला सांगितले आहे. ज्या घरात उपभोगाचा भाग अडचणीचा भाग खाऊन टाकतो, त्या घरात दवाखान्याचे बिल आले की महिना पाच टक्केवाला दारात येतोच.

या पाच टक्केवाल्याबद्दल दोन शब्द. महाराष्ट्रात सावकारीचा २०१४ चा कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे. तो 'ओळखीचा' असतो, कधी आपल्याच समाजातला असतो, जयभीम घालतो, म्हणून आपले लोक तक्रार करत नाहीत. त्याच्याकडे कोरे धनादेश ठेवलेले असतात. धनादेश परत गेला की तो कलम १३८ ची नोटीस पाठवतो आणि गुन्हेगार ठरतो कर्ज घेणारा. म्हणून त्याचे पैसे फेडताना धनादेश परत घेणे आणि लेखी पोच घेणे, हे पैसे देण्याइतकेच महत्त्वाचे. ताईंना आम्ही हे दोनदा सांगितले, कारण रक्कम रोख न देता बँकेतून द्यायची, यावर दादा का-कू करत होते. त्यांना तो माणूस नाराज होईल, याची चिंता!

सगळ्यांनीच गाडी विकावी असे आमचे म्हणणे नाही. ज्याची गाडी पिवळ्या पाटीची आहे, जो त्यावर प्रवासी वाहतूक करून घर चालवतो, त्याने ती विकणे म्हणजे सुताराने रंधा विकणे. त्याने बँकेशी बोलून मुदत वाढवून मागावी. घरात अपंग माणूस असेल, डायलिसिसला आठवड्यातून दोनदा न्यावे लागत असेल, तिथेही हिशेब वेगळा. पण केवळ ६ डिसेंबरला, १ जानेवारीला आणि गावच्या लग्नाला लागते म्हणून गाडी ठेवणाऱ्याने विचार करावा. त्या दिवसांपुरती भाड्याची गाडी मिळते. आणि चैत्यभूमीला जायला कुर्ल्याला लोकल बदलली की दादर येते.

विकायची ठरली तर मात्र घाई करू नये. आमच्याकडे येणारी निम्मी भांडणे विक्रीनंतरची असतात. कर्ज असलेल्या गाडीच्या नोंदणीपत्रावर बँकेचा बोजा नोंदलेला असतो. बँकेला न विचारता अशी गाडी परस्पर विकणे म्हणजे फौजदारी प्रकरण अंगावर ओढवून घेणे. गिऱ्हाइकाने आधी कर्जखात्यात पैसे भरावेत, बँकेने ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ द्यावा, मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन आरटीओत मालकी बदलावी. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते. जुन्या गाड्यांचा व्यापारी मध्ये असेल तर त्याच्याकडे आरटीओचे अधिकारपत्र आहे का, ते पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून तो नियम झाला आहे.

"सही करून ठेवा, नाव नंतर चढवतो," असे म्हणणारा व्यापारी गोड बोलतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. त्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे हातोहात विकली गेली होती, आरटीओच्या दप्तरी नाव पहिल्याचेच राहिले होते आणि गाडीने अपघात केला. भरपाईची जबाबदारी दप्तरी नाव असलेल्या मालकावरच आली. गाडी जाऊन दोन वर्षे झाली आणि दारात मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस आली, तर कर्ज कमी करण्यासाठी केलेल्या विक्रीने नवे कर्ज जन्माला घातले असे होईल.

आणखी एक भीती आहे आणि तिचा धंदा चालतो. हप्ता थकला की फोन येतात, नातेवाइकांना फोन जातात, दोघे-चौघे येऊन किल्ली मागतात. २००७ साली प्रकाश कौर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वसुलीसाठी दांडगटांचा वापर करण्याच्या पद्धतीवर कडक शब्दांत ताशेरे ओढले. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार वसुली एजंटाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही. हे माहीत असलेला माणूस दारात उभा राहून नियम विचारतो. माहीत नसलेला शेजाऱ्यांना कळू नये म्हणून किल्ली देऊन टाकतो. मग ती गाडी लिलावात मिळेल त्या भावाने जाते आणि उरलेली बाकी पुन्हा याच्याच नावावर राहते. विकायचीच असेल तर हप्ते थकण्याआधी, आपल्या भावाने, आपल्या हाताने विकावी, असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने. जामीनदार असेल तर अधिकच, कारण करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. चळवळीतल्या मैत्रीखातर सही केलेला कितीतरी जामीनदार आज कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो आहे.

त्या कुटुंबाची तिसरी बैठक झाली तेव्हा मुलगीही आली होती. तिने वहीत सगळी कर्जे व्याजाच्या दराप्रमाणे उतरवून आणली होती, वर साठ टक्केवाला, तळाला गृहकर्ज. दादांनी वही वाचली आणि म्हणाले, विकू. आजींनी अट घातली की विकण्याआधी एकदा सर्वांनी त्या गाडीतून गावी जाऊन यायचे. त्याप्रमाणे ते जाऊन आले. आजींनी वस्तीत स्वतःच सांगितले म्हणे, नातीच्या शिक्षणासाठी गाडी काढतोय. कुणी हसले नाही. उलट एकाने विचारले, केवढ्याला देता?

गिऱ्हाईक तेच ठरले आहे, ४ लाख ७५ हजारांचे. गिऱ्हाइकाने बँकेत पैसे भरले आहेत, ना-हरकत पत्र आठवडाभरात यायचे आहे. फॉर्म २९ च्या प्रती सह्या करून आमच्या कपाटात आहेत. पत्र हातात पडेपर्यंत आणि मालकी बदलाचा अर्ज आरटीओत दाखल झाल्याची पावती मिळेपर्यंत किल्ली द्यायची नाही, असे दादांना आम्ही बजावले आहे. दुसरी किल्ली आजींकडे आहे.