धानाच्या कोठारात चाऱ्याची चणचण : पैरा वाचवण्यासाठी यंत्र कसे निवडावे?

रायपूर – छत्तीसगडची ओळख 'धान का कटोरा' अशी आहे. 2023-24 च्या खरीप हंगामात या राज्यात आधारभूत किमतीने सुमारे 145 लाख टन धानाची खरेदी झाली. जेवढे धान पिकते, साधारणतः तेवढ्याच किंवा त्याहून काहीशा अधिक वजनाचा पेंढा शेतात तयार होतो. छत्तीसगडमध्ये त्याला 'पैरा' म्हणतात. भंडारा-गोंदिया भागात तोच तणीस आणि कोकणात तोच पेंढा. हा पैरा म्हणजे येथील गुरांचे वर्षभराचे अन्न.

असे असूनही राज्याच्या अनेक भागांत उन्हाळ्याच्या तोंडावर चाऱ्याची चणचण भासते. झांशी येथील भारतीय गवताळ प्रदेश आणि चारा संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार देशात कोरड्या चाऱ्याची तूट सुमारे 23 टक्के आहे. एकीकडे ही तूट आणि दुसरीकडे शेतातच सोडलेला किंवा पेटवून दिलेला पैरा, असे चित्र धानाच्या पट्ट्यात दिसते. या विसंगतीचे एक प्रमुख कारण कापणीच्या पद्धतीत झालेल्या बदलात आहे. त्यावरचा उपायही काही प्रमाणात योग्य यंत्राच्या निवडीतच आहे.

विळ्याकडून हार्वेस्टरकडे

पूर्वी धानाची कापणी विळ्याने, जमिनीलगत होत असे. पेंढ्या बांधून त्या 'ब्यारा' म्हणजे खळ्यावर आणल्या जात. मळणी झाली की धान कोठीत आणि पैरा खळ्याच्या कडेला रचलेल्या 'पैरावट'मध्ये जात असे. विदर्भातील तणसाचे ढीग किंवा कडब्याची गंजी यांच्याशी पैरावटीचे साम्य आहे. धान आणि चारा या दोन्ही गोष्टी एकाच श्रमातून घरी येत असत.

आता मजुरांची टंचाई आणि वाढती मजुरी यांमुळे कंबाइन हार्वेस्टरचा वापर वाढला आहे. ओल्या शेतासाठी चाकांऐवजी पट्टे असलेले, बोलीभाषेत 'चेनवाले' म्हटले जाणारे हार्वेस्टर वापरले जातात. धान थोड्या वेळात पोत्यात भरले जाते आणि सरकारी खरेदी केंद्रावर लवकर पोहोचवता येते. तथापि हार्वेस्टर धानाचे ताट वरच्या भागात कापतो. निम्म्याच्या आसपास पैरा खुंटाच्या रूपाने उभा राहतो आणि उरलेला यंत्राच्या मागे मोकळा पडतो. हाताने तो गोळा करणे कोणालाच परवडत नाही.

रायपूरमधील बूढापारा ही बूढा तालाबाच्या काठावरील जुनी वस्ती आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून या शहराचा मराठी भाषकांशी संबंध आहे. अशा जुन्या वस्त्यांत राहून आसपासच्या गावांतील शेती 'अधिया' म्हणजे अर्धेलीने किंवा 'रेगहा' म्हणजे ठरावीक मोबदल्यावर कसायला देण्याची पद्धत छत्तीसगडमध्ये परिचित आहे. शहरात राहणाऱ्या मालकाच्या दृष्टीने हार्वेस्टर सोयीचा ठरतो, कारण त्याच्या हिशेबात फक्त धान असते. मात्र गावात राहून जमीन कसणाऱ्याच्या कोठ्यात जनावरे बांधलेली असतात आणि त्याच्या हिशेबात पैराही असतो. कापणीचे यंत्र कोण आणि कोणत्या विचाराने ठरवतो, यावर गुरांचा उन्हाळा अवलंबून राहतो.

एका गायीसाठी किती एकर?

हा हिशेब ढोबळमानाने मांडता येतो. मोठ्या गायीला दररोज सुमारे 5 किलो पैरा लागतो असे धरल्यास वर्षाला साधारण 18 क्विंटल होतात. एकरी 20 क्विंटल धान आणि तेवढाच पैरा धरला, तर हाताने कापलेल्या एका एकराच्या पैऱ्यात एका गायीचे वर्ष निघते. हार्वेस्टरने कापल्यास गोळा करता येण्याजोगा पैरा निम्म्यावर येतो आणि त्याच गायीसाठी जवळपास दोन एकरांचा पैरा लागतो. तोही गोळा केला तरच. गोळा न केल्यास हिशेब शून्यावर येतो.

पैरा पेटवून दिल्यास चाऱ्याबरोबर जमिनीचेही नुकसान होते. एक टन पैरा जाळल्यास सुमारे साडेपाच किलो नत्र, दोन किलोंहून अधिक स्फुरद आणि 25 किलो पालाश वाया जाते, असे कृषिशास्त्रज्ञांचे सर्वसाधारण मोजमाप आहे. छत्तीसगडमध्ये उभ्या धानातच तिवरा पेरण्याची 'उतेरा' पद्धत रूढ आहे. पूर्व विदर्भात हेच पीक लाख किंवा लाखोळी म्हणून घेतले जाते. अशा शेतात आग लावली तर उगवू पाहणारे दुसरे पीकही जाते. जड हार्वेस्टर आणि ट्रॅक्टर ओल्या शेतात फिरवल्यास उतेराच्या रोपांची हानी होते, ही बाबही यंत्र ठरवताना विचारात घ्यावी लागते.

पहिला निर्णय कापणीचा

पैरा वाचवायचा असेल तर पहिला निर्णय कापणीच्या यंत्राचा असतो. गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राचा विचार त्यानंतर येतो. ज्यांच्याकडे जनावरे आहेत आणि क्षेत्र काही एकरांपुरते मर्यादित आहे, त्यांच्यासाठी रीपर किंवा रीपर-बाइंडर हा मधला मार्ग आहे. रीपर पीक जमिनीलगत कापून एका बाजूस आडवे टाकतो. रीपर-बाइंडर कापलेल्या पिकाच्या पेंढ्याही बांधतो. त्यानंतर मळणी यंत्राने मळणी केल्यास जवळपास संपूर्ण पैरा हाती लागतो. मळणीसाठी वेगळा खर्च आणि मनुष्यबळ लागते, ही त्याची मर्यादा आहे.

मोठ्या क्षेत्रावर हार्वेस्टर अपरिहार्य असल्यास दोन गोष्टी चालकाशी आधीच ठरवाव्यात. कापणी शक्य तितकी खालून करावी, आणि यंत्राला पैरा बारीक करून उडवणारा भाग जोडलेला असल्यास तो बंद ठेवावा. पैरा सरळ ओळीत पडला तर तो उचलणे सोपे जाते. बारीक होऊन विखुरलेला पैरा बेलरला नीट उचलता येत नाही.

गोल गठ्ठा की चौकोनी?

शेतात पडलेला पैरा उचलून, दाबून त्याचे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राला बेलर म्हणतात. भारतात त्याचे दोन प्रकार प्रामुख्याने दिसतात.

लहान गोल बेलर पैरा गुंडाळून साधारण 15 ते 30 किलोंचे गठ्ठे करतो. तो वजनाने हलका असतो, कमी शक्तीच्या ट्रॅक्टरवर चालतो आणि काही लाख रुपयांत मिळतो. छत्तीसगडमधील लहान, बांधांनी वेढलेल्या शेतांत वळण्यास तो सोयीचा आहे. मात्र प्रत्येक गठ्ठ्याला सुतळी गुंडाळण्यासाठी ट्रॅक्टर क्षणभर थांबवावा लागतो. गोल गठ्ठे रचताना जागाही जास्त लागते.

चौकोनी बेलर न थांबता चालतो. त्याचे गठ्ठे विटांप्रमाणे रचता येतात, त्यामुळे एका ट्रकमध्ये अधिक माल बसतो. चारा दूरच्या दुग्धव्यवसायाला विकायचा असेल तर हा प्रकार योग्य ठरतो. पण त्याची किंमत बरीच अधिक असते, त्याला जास्त शक्तीचा ट्रॅक्टर लागतो आणि त्याच्या गाठ मारणाऱ्या भागाची देखभाल जाणकाराकडूनच करून घ्यावी लागते.

खुंट कापून तोही गोळा करायचा असल्यास आधी स्लॅशर आणि मग रेक चालवावा लागतो. रेक म्हणजे विखुरलेला पैरा ओळीत आणणारे दातेरी यंत्र. प्रत्येक यंत्रासाठी ट्रॅक्टरची आणखी एक फेरी होते आणि डिझेलचा खर्च वाढतो. त्यामुळे खुंटाचा पैरा गोळा करणे चाऱ्याचा भाव चांगला असेल तेव्हाच परवडते.

ट्रॅक्टर घेताना काय पाहावे?

ट्रॅक्टर खरेदी करताना बहुतेक ग्राहक इंजिनाची अश्वशक्ती विचारतात. बेलरसाठी पीटीओची शक्ती अधिक महत्त्वाची असते. पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागील बाजूचा फिरणारा दांडा. त्यावरून मागे जोडलेले यंत्र चालते. तेथे मिळणारी शक्ती इंजिनाच्या शक्तीपेक्षा कमी असते. लहान गोल बेलरला साधारण 35 अश्वशक्तीचा, तर चौकोनी बेलरला 45 ते 55 अश्वशक्तीचा किंवा त्याहून मोठा ट्रॅक्टर लागतो. नेमकी गरज बेलरच्या माहितीपत्रकात दिलेली असते आणि ती पाहूनच जोडी जुळवावी.

दुसरी बाब क्लचची आहे. एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबला की ट्रॅक्टरबरोबर पीटीओही थांबतो. गोल बेलरला मात्र ट्रॅक्टर उभा असतानाही फिरत राहावे लागते. म्हणून दुहेरी क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असलेला ट्रॅक्टर निवडणे हिताचे ठरते. जुना ट्रॅक्टर घेताना या मुद्द्याकडे हमखास दुर्लक्ष होते.

तिसरी बाब जमिनीची. छत्तीसगडचे शेतकरी जमिनीचे भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार असे प्रकार मानतात. मटासी हलकी असते आणि कापणीनंतर लवकर वाळते. कन्हार ही काळी, भारी जमीन ओल धरून ठेवते. कन्हारात जड ट्रॅक्टर आणि बेलर घाईने उतरवल्यास चाके रुततात आणि जमीन दबते. ज्यांची बहुतांश शेती कन्हारात आहे त्यांनी हलके यंत्र निवडावे आणि शेत वाळण्याची वाट पाहावी.

यंत्राची पारख करण्यासाठी मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्रीय कृषी यंत्रसामग्री प्रशिक्षण आणि परीक्षण संस्था कार्यरत आहे. तेथे ट्रॅक्टर आणि शेतीयंत्रांची चाचणी होते. विक्रेत्याकडे चाचणी अहवालाची मागणी करण्यात संकोच बाळगू नये. त्याचबरोबर सुटे भाग आणि दुरुस्तीची सोय किती अंतरावर आहे, याची खात्री करून घ्यावी. बेलरचे काम वर्षातून काही आठवडेच असते. त्या काळात यंत्र चार दिवस बंद राहिले तर हंगामाचा मोठा भाग हातचा जातो.

विकत की भाड्याने?

लहान बेलर तासाला चाळीस ते पन्नास गठ्ठे बांधू शकतो. एकरी दहा क्विंटल पैरा आणि वीस किलोंचा गठ्ठा धरल्यास एका एकराचे काम सुमारे एका तासात होते. म्हणजे दहा एकरांच्या शेतकऱ्याला वर्षातून दोनच दिवस बेलर लागतो. तेवढ्यासाठी लाखोंचे यंत्र दारात उभे करणे व्यवहार्य नाही. महिनाभराच्या हंगामात दीडशे ते दोनशे एकरांचे काम मिळाले, तरच यंत्राचा खर्च भरून निघण्याची अपेक्षा ठेवता येते.

म्हणून शेतकरी गट, सहकारी संस्था किंवा अवजार भाडे केंद्र यांच्यामार्फत बेलर घेणे श्रेयस्कर आहे. 2014-15 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात यंत्रखरेदीसाठी आणि भाडे केंद्रांसाठी अनुदानाची तरतूद करण्यात आली. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रॅक्टर तसेच कापणी, मळणी आणि चारा बांधणीच्या यंत्रांवरील वस्तू व सेवा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणण्यात आला. त्यामुळे खरेदीचा भार काहीसा कमी झाला आहे. मात्र अनुदान मिळते म्हणून यंत्र घेण्याऐवजी आधी किती एकरांचे काम हमखास मिळेल ते लिहून काढावे.

गठ्ठा बांधल्यानंतर

ओला पैरा बांधल्यास गठ्ठा आतून तापतो, त्याला बुरशी लागते आणि क्वचित आगही लागू शकते. ओलावा 15 टक्क्यांच्या आसपास असावा. मापक नसल्यास मूठभर पैरा पिळून पाहावा. काड्या कडकन तुटल्या तर तो बांधण्यायोग्य झाला असे समजावे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सकाळी दव असते, म्हणून बांधणीचे काम दुपारच्या सुमारास करावे. गठ्ठे जमिनीपासून उंच ओट्यावर किंवा लाकडी फळ्यांवर, विजेच्या तारांपासून दूर रचावेत. एकच मोठा ढीग करण्यापेक्षा अंतर ठेवून दोन-तीन ढीग केल्यास आगीच्या वेळी सर्व चारा एकदम जात नाही. गठ्ठ्याची सुतळी, विशेषतः प्लॅस्टिकची, जनावरापुढे चारा टाकण्यापूर्वी काढून घेणे अत्यावश्यक आहे.

पैऱ्यात प्रथिने कमी असतात, हेही लक्षात ठेवावे. त्यावर युरियाची प्रक्रिया करून पोषणमूल्य वाढवण्याची पद्धत प्रचलित आहे. शंभर किलो पैऱ्यासाठी चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडतात आणि ढीग सुमारे तीन आठवडे हवाबंद ठेवतात. प्रमाण चुकल्यास विषबाधेचा धोका असतो. त्यामुळे ही प्रक्रिया पशुवैद्यकाच्या मार्गदर्शनाखालीच करावी आणि लहान वासरांना असा चारा देऊ नये.

छत्तीसगडमध्ये गावाने एकत्र येऊन गुरांची व्यवस्था लावण्याची परंपरा जुनी आहे. पेरणीनंतर गुरे मोकळी न सोडण्याच्या 'रोका-छेका' प्रथेत ती दिसते. 2018 ते 2023 या काळातील राज्य सरकारने गावोगावी गौठाण उभारून शेतकऱ्यांना तेथे पैरा दान करण्याचे आवाहन केले होते. दान केलेला पैरा शेतातून गौठाणापर्यंत नेण्यासाठीही तो गोळा करून बांधावा लागतो. कापणीपूर्वीच गावात बेलरची पाळी ठरली आणि हार्वेस्टर चालकाशी कापणीची उंची ठरली, तर धानाबरोबर चाराही घरी येऊ शकतो. हा निर्णय शेतमालक आणि जमीन कसणारा यांनी ऑक्टोबरपूर्वी एकत्र बसून घेणे आवश्यक आहे.