पैलतीरावरचे अंतर

त्रिकोणमितीचा पहिला धडा सुरू झाला, की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, “गुरुजी, हे शिकून उपयोग काय?” त्याला मी मनाने नदीकाठी नेतो.

नदी दुथडी भरून वाहत आहे. पैलतीरावर एक वड आहे व काही अंतरावर एक दीपमाळ आहे. त्या दोहोंमधील अंतर पलीकडे न जाता कसे मोजावे? आपल्या काठावर सपाट जागी १०० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकाव्यात. ही आपली आधाररेषा. डाव्या खुंटीपाशी उभे राहून आधाररेषेपासून कोन मोजले, तेव्हा वडाचा कोन ९० अंश व दीपमाळेचा ३० अंश भरला, असे समजू. उजव्या खुंटीपाशी तेच कोन अनुक्रमे ४५ व १२० अंश भरले. त्रिकोणाची एक बाजू व दोन कोन कळले, की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्यानुसार डाव्या खुंटीपासून वड १०० मीटरांवर व दीपमाळ सुमारे १७३ मीटरांवर आहे. या दोन रेषांमधील कोन ९० वजा ३०, म्हणजे ६० अंश. दोन बाजू व त्यांमधील कोन हाती आल्यावर तिसरी बाजू, म्हणजेच हवे असलेले अंतर, सुमारे १५१ मीटर येते. पाण्यात पाऊलही टाकावे लागले नाही!

मात्र आधाररेषा मोजताना शेकडा एक चूक झाली, तर उत्तरही शेकडा एकाने चुकते. ती रेषा फारच आखूड घेतली, तर कोन वाचण्यातील किंचित चूकही उत्तरात मोठी होऊन बसते.

म्हणूनच विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस टेकडीपाशी सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा साखळीने मोजण्यात ५७ दिवस घालविले. तेथून त्रिकोणाला त्रिकोण जोडीत मोजणी पुढे सरकली. १८०४ मध्ये बंगळूरजवळ दुसरी आधाररेषा प्रत्यक्ष मोजून हिशेब पडताळण्यात आला. फरक निघाला तो काही इंचांचाच. १८२३ मध्ये याच कामावर असताना लॅम्बटन हिंगणघाट येथे निवर्तले. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर एवढेच, की हाताशी असलेली एक रेषा चोख मोज. हात न पोहोचणारे अंतर तिच्यावरूनच कळेल.