खाडीचं पाणी बिघडलं का? माशाच्या मेंदूतलं विकर सांगतं

मुंबई : मुलुंड, भांडुप, विक्रोळीच्या पूर्वेला ठाणे खाडी आहे. कोळी बांधव तिथं निवट्या, बोईट, खेकडे धरतात. दोन्ही काठांवरून सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी खाडीत येतं. पाण्याचा नमुना घेतला तर फक्त त्या वेळचं पाणी कळतं. रात्री सोडलेलं रसायन ओहोटीबरोबर निघून जातं, सकाळी रिपोर्ट चांगला येतो. मासा मात्र तिथंच राहतो आणि त्याच्या अंगात खूण उरते.

ही खूण म्हणजे विकर, इंग्रजीत एन्झाइम. त्यातलं कोलिनेस्टरेज शेतकऱ्यांच्या जवळचं आहे. मेंदूचा निरोप एका रसायनामार्फत स्नायूला पोचतो. निरोप पोचला की कोलिनेस्टरेज ते रसायन पुसून टाकतं. ऑरगॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक या विकरालाच चिकटतं, मग निरोप थांबतच नाही. लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, हातपाय थरथरतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, तेव्हा मोनोक्रोटोफॉसचं नाव पुढं आलं होतं. ते याच जातीतलं.

हे विकर माणूस, बैल, मासा, पक्षी, किडा सगळ्यांत असतं. पण एकच विष सगळ्यांना सारखं लागत नाही. मॅलॅथिऑन माणसाचं किंवा जनावराचं शरीर बऱ्यापैकी लवकर फोडतं, किड्याला ते जमत नाही, म्हणून किडा मरतो. पक्ष्यांच्या रक्तात अशी विषं फोडणारी विकरं फार कमी, त्यामुळे ते आधी पडतात. 1995-96 मध्ये अर्जेंटिनात टोळांवर मोनोक्रोटोफॉस फवारलं आणि टोळ खाणारे हजारो ससाण्यासारखे पक्षी शेतात मरून पडले.

म्हणून निवटीचा आकडा फ्लेमिंगोच्या आकड्याशी लावून उपयोग नाही. खाडीतल्या निवटीची तुलना स्वच्छ खाडीतल्या निवटीशीच करायची, तीही त्याच हंगामात, कारण पाण्याच्या उष्णतेनंही विकर कमी-जास्त होतं. पक्ष्यांसाठी शास्त्रज्ञांचा अंदाज असा : मेंदूतलं कोलिनेस्टरेज 20 टक्के घटलं तर विषाचा संपर्क आला, आणि मेलेल्या पक्ष्यात निम्मं घटलेलं असेल तर मरण त्यानंच.

एकाच विकरावर सगळं कळत नाही, हेही खरं. तेल सांडलं तर यकृतातलं दुसरं एक विकर वाढतं. अलास्कात 1989 ला जहाजातून तेल सांडलं, तिथल्या बदकांत ते वीस वर्षांनीही वाढलेलं सापडलं. मुंबईजवळ 2010 ला दोन जहाजं धडकून तेल सांडलं होतं, ते अनेकांना आठवत असेल. शिसं असेल तर रक्तातलं आणखी वेगळं विकर घटतं.

खाडीत किंवा तळ्यात मासे मरायला लागले तर कुजलेला मासा तपासणीच्या कामाचा नाही. तडफडणारे, ताजे मासे लगेच बर्फात ठेवावेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला, मत्स्य विभागाला कळवावं. ते मासे खाऊ नयेत, विकूही नयेत.

फवारणी करणाऱ्या माणसाचंही हेच विकर साध्या रक्ततपासणीत मोजता येतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 1974 पासून अशा मजुरांची तपासणी हंगामाआधी होते. नंतर आकडा 20 टक्के उतरला की कामाची पद्धत तपासतात, तांबड्या पेशींतला 30 टक्के उतरला की माणसाला फवारणीवरून काढतात. आपल्याकडे ही तपासणी बहुतेक वेळा माणूस दवाखान्यात आडवा झाल्यावरच होते.