कर्ज दुसऱ्याचे, तगादा तुम्हाला? वसुलीचे चुकीचे फोन कसे थांबवाल?

‘तुमचे तीन हप्ते थकले आहेत, आजच पैसे भरा,’ असा फोन येतो. कर्ज तर तुम्ही कधी काढलेलेच नसते. ‘राँग नंबर’ म्हणून फोन ठेवला, तो क्रमांक ब्लॉक केला, तरी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या क्रमांकावरून तोच तगादा सुरू होतो. असे का होते आणि ते थांबवायचे कसे?

फोन तुम्हालाच का येतात?

बहुधा तीन कारणे असतात. एक, तुमचा मोबाइल क्रमांक पूर्वी दुसऱ्याचा होता. बंद झालेला क्रमांक किमान 90 दिवसांनी नव्या ग्राहकाला मिळू शकतो, पण बँकेच्या नोंदीत जुनाच मालक राहतो. दोन, एखाद्या परिचिताने कर्जाच्या अर्जात ‘संदर्भ’ म्हणून तुमचा क्रमांक दिला. तीन, तुमच्या पॅन किंवा आधारचा गैरवापर करून कोणी तुमच्याच नावावर कर्ज उचलले. फोनवर तुमचेच नाव घेतले जात असेल, तर ही शक्यता आधी तपासा.

पैसे देणे लागता का?

नाही. संदर्भ म्हणून नाव असणे म्हणजे जामीन राहणे नव्हे. करारावर सही केलेला जामीनदार कर्जाला बांधील असतो. संदर्भ दिलेली व्यक्ती नाही. ‘थोडे भरा, प्रकरण मिटवतो’ या बोलण्याला भुलू नका.

नियम काय सांगतात?

रिझर्व्ह बँकेच्या 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकानुसार थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी 8 पूर्वी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, तसेच कर्जदाराचे कुटुंबीय, मित्र व संदर्भ दिलेल्या व्यक्तींना त्रास देणे यालाही मनाई आहे. एजंट बाहेरच्या संस्थेचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच असते.

काय करावे?

- एजंटचे नाव, त्याची संस्था आणि कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव विचारा. स्वतःचा पॅन, आधार किंवा ओटीपी सांगू नका.
- फोनची तारीख, वेळ आणि क्रमांक लिहून ठेवा.
- बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा: ‘हा क्रमांक माझा आहे, कर्ज माझे नाही, क्रमांक नोंदीतून काढा.’ एजंट बदलत राहतात. त्यांच्या हातातली यादी बँकेकडून येते. म्हणून दुरुस्ती तिथेच व्हायला हवी.
- 30 दिवसांत उत्तर मिळाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर दाद मागा. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.
- सिबिलसारख्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पतअहवाल मोफत मिळतो. त्यात अनोळखी कर्ज दिसल्यास हरकत नोंदवा. 30 दिवसांत तिचे निवारण झाले नाही, तर दिवसाला 100 रुपये भरपाईची तरतूद आहे.
- धमकी आली, तर पोलिसांत तक्रार द्या. फसवणुकीत पैसे गेले असतील, तर तातडीने 1930 वर कळवा.